मेकॅनोचा पहिला जुना डबा कसा घ्यावा

जुना मेकॅनो, म्हणजे भोकाभोकांच्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडायचा खेळ, घ्यायचा आहे, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. आधी सुट्या भागांचा डबा घ्या, पेटी नंतर. झाकणावर रंगीत चित्र असलेली, आत सगळं जागच्या जागी बसवलेली पेटी बघून कुणाचंही मन पाघळतं. पण भाग ओळखता येत नसतील तर तिच्यात काय कमी आहे आणि काय दुसऱ्याचं घुसवलंय, हे कळायला मार्ग नसतो. त्यापेक्षा गंजक्या पट्ट्या आणि चार पितळी चाकं असलेला एखादा डालड्याचा डबा महिनाभर हाताळा. डोळा तयार होतो, बोटांना सवय होते. मग हवी ती पेटी घ्या.

मी इथे लिव्हरपूलच्या मेकॅनोबद्दल लिहितोय. जुन्या बांधणीच्या खेळण्यांत लेगो आहे, आपल्याकडचं मेकॅनिक्स आहे, आणि ती गोळा करणारेही आहेत. मेकॅनो मी निवडला कारण आपल्याकडच्या जुन्या घरांतून तो अजून निघतो, आणि १९२० चा भाग १९७० च्या भागाला सहज जोडता येतो. पन्नास वर्षांच्या अंतराने बनलेले दोन तुकडे एकाच नट-बोल्टने आवळले जातात, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

थोडा इतिहास, कारण तो खरेदीला लागतो

फ्रँक हॉर्नबी या लिव्हरपूलच्या गृहस्थांनी १९०१ मध्ये या खेळण्याचं पेटंट घेतलं. ठरावीक अंतरावर भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, चाकं, दांडे आणि ते जोडायला नट-बोल्ट. आधी 'मेकॅनिक्स मेड ईझी' या नावाने ते विकलं जाई, १९०७ मध्ये 'मेकॅनो' हे नाव नोंदवलं गेलं. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा मोठा कारखाना १९१४ चा. तो १९७९ मध्ये बंद पडला. फ्रान्समध्ये काले इथे उत्पादन पुढे चालू होतं, पण २०२३ मध्ये तोही कारखाना बंद करण्याचं जाहीर झालं. संग्राहक 'जुना मेकॅनो' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा बिन्स रोडचा माल असतो.

दोन भोकांमधलं अंतर अर्धा इंच. सगळा डोलारा या एका मापावर उभा आहे. गिअरसुद्धा याच मापाला धरून कापलेले. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी अवकल समीकरणं सोडवणारं यंत्र उभं केलं, ते मुख्यतः मेकॅनोच्या भागांतून. खेळण्याच्या भागांनी तेवढी अचूकता दिली. म्हणून खरेदी करताना मी पट्ट्यांआधी पितळी चाकं बघतो.

रंगावरून काळ

सगळं चंदेरी, निकेलच्या मुलाम्याचं असेल तर साधारण १९२६ च्या आधीचं समजा. १९२६ च्या अखेरीस लाल आणि हिरवा रंग आला. १९३४ मध्ये निळा आणि सोनेरी, आणि निळ्या पत्र्यांवर सोनेरी आडव्यातिडव्या रेघांची जाळी. ही जाळी एकदा पाहिली की विसरत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा लाल-हिरवा. १९५८ मध्ये या दोन्ही रंगांच्या छटा फिकट झाल्या. १९६४ मध्ये पिवळा-काळा आणि चंदेरी पट्ट्या, १९७० मध्ये निळा-पिवळा आणि जस्ताच्या मुलाम्याच्या पट्ट्या.

नवख्याने युद्धानंतरचा लाल-हिरवा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो भरपूर बनला, त्यामुळे एखादा भाग कमी असला तर पुढेमागे मिळतो. निळा-सोनेरी दिसायला देखणा, पण त्याचा रंग टिकलेला नग मिळणं कठीण, आणि मिळालाच तर त्याची किंमत पहिल्या खरेदीत मोजण्यासारखी नसते.

रंग उडालेला असेल तर शिक्का बघा. पट्टीवर 'मेकॅनो' आणि 'मेड इन इंग्लंड' ठसवलेलं असतं. सोबत माहितीपुस्तिका असेल तर तिच्यावर बारीक अक्षरांत तिरप्या रेघांनी तोडलेले आकडे छापलेले असतात. मधला आकडा ११५४ असेल तर ती नोव्हेंबर १९५४ ची छपाई. पण पुस्तिकेवरून पेटीचं वय ठरवताना जपून. घरात दोन भावांच्या दोन पेट्या असायच्या आणि पुस्तिका इकडच्या तिकडे व्हायच्या.

भागांचे आकडे पाठ करा

प्रत्येक भागाला क्रमांक आहे आणि जगभरचे मेकॅनोवाले त्याच क्रमांकांत बोलतात. सगळे लागत नाहीत, मोजके पुरतात. २५ भोकांची, साडेबारा इंची पट्टी म्हणजे १. अकरा भोकांची २, पाच भोकांची ५. साडेबारा इंची कोनपट्टी ८. साडेपाच बाय अडीच इंचाचा, कडा वाकवलेला भोकाभोकांचा पत्रा ५२, बहुतेक मॉडेलांचं जोतं हाच असतो. आठ भोकांचं पितळी मध्य असलेलं चाक २४, एक इंची कप्पी २२. १९ दातांचा छोटा गिअर २६, ५७ दातांचा मोठा २७ए. नट ३७ए, बोल्ट ३७बी.

पेट्यांचेही क्रमांक आहेत. १९३७ पासून ० ते १० अशी मालिका होती आणि १० क्रमांकाची पेटी सगळ्यांत मोठी, लाकडी कपाटासारखी. त्याशिवाय 'ए' लावलेल्या जोडपेट्या मिळायच्या. तुमच्याकडे ५ असेल आणि ५ए आणली की दोन्ही मिळून ६ तयार. पोरांच्या वाढदिवसांना अशीच भर पडत जाई. म्हणून जुन्या पेटीच्या झाकणावरचा आकडा आणि आतला माल जुळेलच असं नाही. ४ च्या पेटीत ६ चा ऐवज सापडतो, आणि ८ लिहिलेल्या पेटीत निम्मंच उरलेलं असतं. पुस्तिकेत कुठल्या पेटीत कुठले किती नग याचा तक्ता असतो. विकणारा 'पूर्ण सेट' म्हणत असेल तर तो तक्ता हातात धरून मोजा, त्याला गैर वाटू देऊ नका.

कुठे शोधायचं

पहिलं आपलं घर, मग नातेवाइकांची घरं. माळा, पलंगाखालची ट्रंक, आजोबांच्या हत्यारांचा खोका. ज्या घरात कुणी रेल्वेत, गिरणीत किंवा बोटीवर इंजिनिअर होतं, तिथे जरूर विचारा. घर रिकामं करताना अशा वस्तू थेट भंगारात जातात, म्हणून रद्दीवाल्याला आणि भंगारवाल्याला आधीच सांगून ठेवा. 'मेकॅनो' हा शब्द त्यांना माहीत नसतो. 'भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्यांचा खेळ' म्हणा आणि मोबाइलवर फोटो दाखवा. माझ्याकडचे सगळ्यांत चांगले गिअर अशा निरोपातून आलेत.

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे मेकॅनो खेळण्यांच्या ढिगात शोधू नका. बिजागऱ्या, कडीकोयंडे, जुने पाने यांच्या ढिगात शोधा, कारण सुटे भाग विकणाऱ्याच्या नजरेत ते लोखंडी सामानच असतं. एका बुधवारी असाच एक चेपलेला पत्र्याचा डबा दिसला. वर गंजके खिळे, खाली हिरवट काहीतरी. हात घातला तर ५२ नंबरचा पत्रा, त्याला अजून एक कप्पी अडकलेली.

"मावशी, हा डबा कसा दिला?"

"समदं लोखंड हाय बघ त्यात. किलोवर देते."

तळाशी एक काळपट चाक होतं. अंगठ्याने घासलं तर पितळ चमकलं. एका दातावर पेनने खूण केली आणि तिथून मोजत गेलो. ५७ भरले. मी मावशींना सांगितलं की हा पोरांचा जुना विलायती खेळ आहे, ही चाकं पितळेची आहेत, ती लोखंडाच्या भावात देऊ नका. त्यांनी चाकं वेगळी तोलली, मी तो भाव दिला. तेव्हापासून असलं काही आलं की त्या पिशवीत बांधून माझ्यासाठी ठेवतात. विकणाऱ्याला वस्तू काय आहे ते सांगून घ्या. तो माणूस तुमच्यासाठी शोधायला लागतो.

मुंबईचा चोरबाजार निराळा. मटन स्ट्रीटवरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानदारांना मेकॅनो ठाऊक आहे, भावही ठाऊक आहे. तिथे घासाघीस करायची तर भाग ओळखता आले पाहिजेत. शुक्रवारी ही दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर पहाटेपासून जुम्मा बाजार लागतो, त्यात सुटा माल सापडण्याची शक्यता जास्त. टॉर्च घेऊन जा, उजाडायच्या आधीच माल हलतो.

हातात आल्यावर काय तपासायचं

खिशात चार गोष्टी असू द्या. छोटं लोहचुंबक, सहा इंची फुटपट्टी, खात्रीचा मेकॅनो नट-बोल्ट आणि एक सरळ दांडा. यातला नट-बोल्ट सगळ्यांत महत्त्वाचा, का ते सांगतो.

मेकॅनोचा बोल्ट ५/३२ इंची, व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाच्या आट्यांचा. इंचाला ३२ आटे. आज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ४ मिलिमीटरचा बोल्ट दिसायला अगदी तसाच असतो, जाडीतला फरक डोळ्याला कळतही नाही. पण आटे थोडे जवळजवळ असतात. मेकॅनोच्या नटमध्ये तो एक-दोन वेढे छान जातो आणि मग अडतो. तिथे पान्याने जोर लावला की पितळाचे आटे गेलेच. माझी पहिली पेटी मी फोटो बघून ऑनलाइन घेतली होती. आधीच्या मालकाने हरवलेल्या बोल्टांच्या जागी असे बाजारी बोल्ट दाबून बसवले होते, आणि त्यात चाक दांड्यावर आवळायच्या स्क्रूचे, अकरा चाकांच्या मध्यातले आटे वाया गेले होते. फोटोत काहीच दिसलं नव्हतं. तेव्हापासून चाक घेताना मध्यातल्या बारीक भोकात माझा बोल्ट हाताने फिरवून बघतो. सहज गेला पाहिजे, डुगडुगता कामा नये. आटे गेलेलं चाक दांड्यावर फिरत राहतं, काही ओढत नाही. फार दुर्मिळ नसेल तर सोडून द्या.

दांडा भोकातून आणि चाकाच्या मध्यातून घालून बघा, अडखळता कामा नये. डब्यातले दांडे काचेवर किंवा मोबाइलच्या पडद्याच्या संरक्षक काचेवर घरंगळवा. वाकलेला दांडा लगेच उड्या मारतो. पट्टी डोळ्यापाशी आडवी धरून कडेने बघा. थोडा बाक असेल तर हाताने सरळ होतो, पण भोकापाशीच दुमडलेली पट्टी पुन्हा तिथेच दुमडते. भोकं लांबट झालेली असतील तर ती पट्टी खूप वापरातली.

गंज नखाने खरवडा. वरवरची पूड निघाली आणि खाली धातू गुळगुळीत लागला तर काळजी नाही. खड्डे लागले तर तो भाग शोभेचाच. गिअरला लोहचुंबक लावा. चिकटलं तर तो पितळी नाही, दुसऱ्या कुठल्या संचातला असू शकतो. पट्टी दुसऱ्या बनावटीची वाटली तर आपल्या खात्रीच्या पट्टीवर ठेवून उजेडात धरा. पंचवीसही भोकांतून उजेड गोल दिसला पाहिजे. पाच-सहा भोकांपर्यंत सगळंच जुळल्यासारखं वाटतं, फरक टोकाला उघडा पडतो.

पुन्हा रंगवलेला माल ओळखायला शिक्का बघा. अक्षरं रंगाने बुजलेली असतील, भोकांच्या आतल्या कडेला जाड थर असेल, तर तो घरचा ब्रश किंवा स्प्रे. मॉडेल बांधायला असा माल चालतो, मी घेतोसुद्धा. फक्त मूळ रंगाची किंमत त्याला देऊ नये.

मोटारीबद्दल कळकळीने सांगतो. युद्धापूर्वीच्या काही मेकॅनो मोटारी थेट घरातल्या विजेच्या दाबावर चालायच्या. नव्वद-शंभर वर्षांपूर्वीच्या तारांवरचं कापडी वेष्टण आता हात लावताच झडतं. अशी मोटार कुठल्याही परिस्थितीत प्लगला जोडू नका, कपाटात ठेवा. युद्धानंतरच्या ई१५आर आणि ई२०आर या अनुक्रमे १५ आणि २० व्होल्टच्या. त्याही जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तपासूनच, योग्य ट्रान्सफॉर्मर लावून चालवा. चावीची मोटार असेल तर विकत घेताना दोन-तीन वेढेच द्या. स्प्रिंग गुळगुळीत उलगडली पाहिजे, खाडकन आवाज आला तर ती आतून सटकते आहे.

भाव कसा ठरवायचा

मी आधी पितळ मोजतो. गिअर किती, कप्प्या किती, आटे शाबूत असलेली चाकं किती. मग मोठे पत्रे आणि कोनपट्ट्या. छोट्या पट्ट्यांना मी जवळपास काहीच धरत नाही, त्या ढिगाने मिळतात. नट-बोल्ट मात्र मोजा. शंभरभर मूळ पितळी चौकोनी नट आणि त्यांचे बोल्ट असले तर तो डबा मी सहसा सोडत नाही, कारण तेच आधी हरवतात आणि त्यांच्याच जागी चुकीचे येतात.

रिकामी पेटी आणि पुस्तिका यांना वेगळी किंमत असते. पुस्तिका कागदाची, वाळवी आणि दमटपणातून वाचलेली, म्हणून मी तिला मान देऊन पैसे देतो. पण तुम्हाला बांधायचं असेल तर बऱ्याच जुन्या पुस्तिकांच्या प्रती छांदिष्टांनी इंटरनेटवर पाहायला ठेवल्यात, तेवढ्यासाठी जास्त मोजू नका.

परदेशातून आणायचं झालं तर

सर्वांत जास्त माल अर्थातच इंग्लंडमध्ये आहे. ईबेवर रोज पेट्या येतात. तिथून घेताना विकणाऱ्याकडून चाकांचे जवळून फोटो मागा, आटे तपासलेत का हे स्पष्ट विचारा. पण टपालाने मागवण्याआधी हिशेब करा. मेकॅनो म्हणजे लोखंड, वजनाचा खर्च मोठा. त्यात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२३ मध्ये ७० टक्के झालं, वर इतर कर. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची अट लागू आहे, त्यामुळे जुन्या खेळण्याचा पुडा अडकण्याचा धोका असतो. त्या वेळचे नियम बघूनच पैसे भरा.

तिकडे बहीण, भाचा, मित्र कुणी असेल तर त्यांना सांगणं जास्त बरं. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनं सामान विकतात, त्यात सुट्या मेकॅनोचे बिस्किटाचे डबे निघतात. लिंकनशायरमध्ये समुद्रकाठच्या स्केगनेसला उन्हाळ्यात मेकॅनोचं मोठं प्रदर्शन भरतं, मॉडेलं बघायला तरी त्यांनी एकदा जावं. आणायला सांगताना मोजकं सांगा, दोन-चार गिअर आणि एक पिशवी नट-बोल्ट. आणि सगळं चेक-इन बॅगेत. पाना आणि लोखंडी दांडे हातातल्या बॅगेत निघाले तर विमानतळावरच राहतील. सामानात आणायच्या वस्तूंचीही सवलतीची मर्यादा असते, ती त्यांना आधी बघायला सांगा.

घरी आणल्यावर

वर्तमानपत्र पसरा आणि क्रमांकाप्रमाणे ढीग लावा. रंगीत भाग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा, लगेच पुसा आणि उन्हात वाळवा. पावसाळ्यात धुऊ नका, भोकांच्या कडांना पाणी राहतं आणि दोन दिवसांत गंज दिसतो. अडकलेले नट रात्रभर रॉकेलच्या थेंबात ठेवले की सकाळी हलतात. पितळाला चिंच चालते, पण नंतर स्वच्छ धुऊन कोरडं करायला विसरू नका. रंगवायची घाई नको. उडालेला मूळ रंग परत आणता येत नाही, आणि एकदा घासून काढला की त्या भागाचं वय सांगणारं काही उरत नाही. शेवटी मशिनच्या तेलाचा पुसट हात, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी.

मग त्याच संध्याकाळी हे बांधा. ५२ नंबरचे दोन पत्रे समोरासमोर उभे करा. एका दांड्यावर १९ दातांचं चाक, दुसऱ्यावर ५७ दातांचं. दोन दांड्यांमध्ये बरोबर एक इंच ठेवा, म्हणजे मधलं एक भोक मोकळं सोडा. दात आपोआप एकमेकांत बसतील, कुठेही सरकवावं लागणार नाही. छोट्या चाकाचा दांडा हाताने तीन वेळा फिरवा. मोठ्या चाकावर पेनने केलेली खूण एक वेढा घेऊन जागेवर आली पाहिजे. मागे राहिली तर छोटं चाक दांड्यावर सटकतंय, त्याच्या मध्यातला स्क्रू आवळून बघा. तरीही मागेच राहत असेल तर आटे गेलेत, ते चाक बाजूच्या डब्यात टाका आणि पुढच्या बुधवारच्या यादीत २६ लिहून ठेवा.